शाळेत दिव्यांग पोराजवळ बसणाऱ्या बाईने कोर्स कोणता करावा? आणि पैसे कोण देतं?

पऱ्हाटीचं_फूल
नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

दारव्ह्याच्या पुढे आमचं गाव, जिल्हा यवतमाळ. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीपर्यंत, शिक्षक तीन. तिसरीत एक मुलगा आहे, त्याला इथं सोन्या म्हणते (खरं नाव नाही). सेरेब्रल पाल्सी. चालत नाही, उजवा हात थोडा चालतो, बोलणं फक्त घरच्यांना अन् मला कळतं. डोकं मात्र तल्लख. सतराचा पाढा माझ्याआधी म्हणतो. माय निंदणाला जाते, आजी थकली. दोन वर्षांपूर्वी हेडसर घरी आले. म्हणाले, तू बारावी झालेली, घर शाळेला लागून, याच्याजवळ बसशील का? तेव्हापासून बसते. उचलून आणणं, बसवणं, भरवणं, शी-शू, वही दाबून धरणं. तिन्ही गुरुजी पदरचे पाचशे-पाचशे देतात. महिना दीड हजार.

आता तालुक्याला एक बोर्ड लागला आहे : "विशेष शिक्षण सहायक, सहा महिने, शासकीय नोकरीची हमी." फी २२ हजार, दोन हप्त्यांत. घरचे म्हणतात सोयाबीन विकलं की पहिला हप्ता भरू. असा कोर्स खरा असतो का? माझ्या कामाची जागा सरकारात आहे का? आणि शिकायला कुठून मदत मिळते का? जाणत्यांनी सांगावं. मला बारावीला ५८ टक्के आहेत, कला शाखा.

टोंगळेदुखी
"नोकरीची हमी" अन् "पोटदुखीवर रामबाण" हे दोन बोर्ड एकच पेंटर रंगवते बापा. सोयाबीन घरात राहू द्या. बाकी जाणते येतीलच.

मंगळवारवाला
मी विशेष शिक्षक आहे, यवतमाळातच, दुसऱ्या तालुक्यात. दर वारी एक शाळा, म्हणून हे नाव. अठरा वर्षं कंत्राटावर काढली. थोडं लांब लिहितो.

पहिलं काम. त्या बोर्डवाल्याला एकच विचारा : भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता आहे का? पत्र दाखव म्हणा. १९९२ च्या कायद्याने ही परिषद झाली. विशेष शिक्षणातले डिप्लोमा-पदव्या तीच मान्य करते आणि पास झालेल्याला नोंदणी क्रमांक देते, त्याला आम्ही सीआरआर नंबर म्हणतो. नंबर नसताना विशेष शिक्षक म्हणून काम केलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसेल तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावायच्या कामाचं.

दुसरं. विशेष शिक्षक व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण. त्यात शाखा असतात. बौद्धिक अक्षमता, कर्णबधिर, अंध, सेरेब्रल पाल्सी वगैरे. बारावीला ५० टक्के लागतात, तुमचे आहेत. पण हे रोज वर्गात बसून करायचं शिक्षण आहे, घरी बसून होत नाही.

तिसरं आणि कडू. तुम्ही जे करता त्या कामाची जागा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. नावच नाही. समग्र शिक्षा ही शाळांसाठीची केंद्र-राज्याची योजना २०१८ पासून आहे, त्यात दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेले असतात. त्यातच साहित्य, शिबिरं, भत्ते सगळं. तो पूर्ण आकडा तुमच्या हातावर ठेवला असता तरी दहा महिन्यांच्या शाळेत महिन्याला ३५० पडले असते.

सांबारवडी
खिचडी शिजवणाऱ्या मावशीला महिना अडीच हजार मानधन आहे. तेही कमीच, पण आहे. म्हणजे तांदूळ शिजवला तर अडीच हजार, आणि तोच भात पोराच्या घशाखाली नीट उतरवला तर शून्य.

पऱ्हाटीचं_फूल
@सांबारवडी, मावशी माझी चुलत सासूच आहे. हे तिला वाचून दाखवलं, म्हणते मग तू चुलीपाशी ये, मी सोन्यापाशी बसते.

@मंगळवारवाला सर, आभार. म्हणजे आमच्याकडे मंगळवारी येतात त्या मॅडमच्या जागा सरकारी होऊन रायल्या असं ऐकलं ते खोटं का?

मंगळवारवाला
ते खरं आहे. राज्यात ४८६० केंद्रं आहेत (दहा-बारा शाळांचं एक केंद्र असं समजा), आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रामागे एक अशी तितकीच विशेष शिक्षकांची पदं मंजूर झाली. आम्हा कंत्राटींना त्यात घ्यायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात राज्यांना विशेष शिक्षक नेमायला सांगितलं होतं, त्याचा धक्का लागल्याशिवाय हे हललं नसतं. पण ताई, पद शिक्षकाचं आहे. केंद्राला एक माणूस, वाट्याला दहा-बारा शाळा. मी मंगळवारी येऊन पोराला अक्षर शिकवीन, बुधवारी त्याला संडासला कोण नेईल हे माझ्या पदाच्या कर्तव्यसूचीत नाही.

सदाशिवपेठी_नाही_हो
मूळचा मंगरूळपीरचा, सध्या पुण्यात. इथं याला शॅडो टीचर म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलासाठी आईवडील महिन्याला पंधरा हजार देतात आणि शाळा वरून सांगते, तुमची तुम्ही शोधा. त्या मुलीने मानसशास्त्रात बीए केलंय आणि कुठल्यातरी तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र आहे. तिला आरसीआय म्हणजे काय हे मी विचारलं तर माहीत नव्हतं. तेव्हा शहरात सगळं शिस्तीत असतं असं वाटून घेऊ नका. पैसा आहे एवढंच.

ताईंनी कोर्सच्या मागे लागू नये असं माझं मत. दोन वर्षांचा अनुभव आहे, तोच खरा.

मंगळवारवाला
@सदाशिवपेठी, अनुभव खरा, कबूल. पण कागद नसला की उद्या नवे हेडसर आले आणि म्हणाले "या बाई कोण?" तर उत्तर काय? बारावी झालेली शेजारीण?

अंबानगरीची_आई
माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम) आहे, आता सोळा वर्षांचा. थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

दुसरीत असताना त्याच्याजवळ आम्ही एक ताई ठेवली. पगार आम्ही द्यायचो. फार मायाळू मुलगी. तो पेन्सिल उचलायच्या आत ती उचलायची. बाईंनी त्याला प्रश्न विचारला की उत्तर ती द्यायची. हळूहळू बाईंनी त्याला विचारणंच सोडलं, तिलाच विचारायच्या, "त्याचं झालं का?" मुलं डब्याला गोल करून बसायची आणि हे दोघं कोपऱ्यात. दोन वर्षांनी लक्षात आलं की माझा मुलगा शाळेत एका माणसाला ओळखतो, आणि ते माणूस शाळेचं नाही.

ताई वाईट नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की तुझं काम रोज थोडं थोडं मागे सरकायचं आहे. आधी हात धरून, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोट दाखवून, मग फक्त नजर, मग दोन बाकं मागे. हे शिकवावं लागतं, नुसत्या मायेनं येत नाही. तेव्हा कोर्स करा की करू नका, पण हे कुणाकडून तरी शिका.

पऱ्हाटीचं_फूल
ताई, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. मीही उत्तर देते सोन्याच्या ऐवजी. त्याचं बोलणं गुरुजींना कळत नाही म्हणून. आज मुद्दाम गप्प बसले. तो बोलला, गुरुजींना कळलं नाही, तो पुन्हा बोलला, तरी नाही. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरचा एक पोट्टा ओरडला, "सर, तो म्हणून रायला एकोणऐंशी!" बरोबर होतं.

टोंगळेदुखी
त्या पोट्ट्याले आरसीआयचा नंबर द्या.

जुना_केंद्रप्रमुख
निवृत्त आहे, वर्धा जिल्हा. पैशाच्या प्रश्नावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

एक : समग्र शिक्षेत मदतनीस भत्ता नावाचा प्रकार आहे. ज्या मुलाला एकट्याने शाळेत येता येत नाही त्याच्यासाठी. तो मुलाच्या खात्यात जातो, तुमच्या नव्हे, आणि तुमची गुजराण होईल एवढा मुळीच नसतो. सोन्याचं नाव मॅडमनी प्रस्तावात टाकलं आहे का ते मात्र विचारा. पुष्कळदा आधार आणि बँक खातं जुळत नाही म्हणून नाव गळतं.

दोन : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ऐकायला मोठं वाटतं. आता हिशोब करा. लहान गावाची घरपट्टी-पाणीपट्टी समजा सव्वा लाख वसूल झाली, तर ५ टक्के म्हणजे सव्वासहा हजार. गावात दिव्यांग वीस. वाटून दिले तर माणशी तीनशे बारा. एका गावात मी या पैशातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या वाटलेल्या पाहिल्या आहेत. ज्याला धड बसता येत नाही त्यालाही खुर्ची! पण गावाजवळ एखादी कंपनी, खाण, जिनिंग असेल तर करवसुली बरी असते, तिथे विचारायला हरकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, त्यात "मदतनीस मानधन" असं लिहा, आणि तो ग्रामसभेत मांडा. तोंडी मागू नका. ठरावाची प्रत, आवक क्रमांकासह, जवळ ठेवा. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे ग्रामसेवकाच्या चहाखालची बशी.

वणीचा_कोळसा
आमच्याकडे खाणी आहेत, रस्ते नाहीत. तरी ग्रामसभेत विचारून पाहतो.

सांबारवडी
@जुना_केंद्रप्रमुख, पगार नको, निदान मानधन म्हणा, मानधन नको तर प्रोत्साहन भत्ता म्हणा. आशा, अंगणवाडी, खिचडी... बायांच्या कामाला पगार हा शब्दच सरकारच्या जिभेवर येत नाही.

आर्वीकर
विषयांतर होतंय, पण यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं, कोणी सांगेल का? भाच्याचं आठ महिने "प्रक्रियेत" आहे. शिबिराच्या दिवशी डॉक्टर रजेवर. दुसऱ्या शिबिराला लाइन गेली. तिसऱ्या वेळी विचारलं, "मुलगा कुठं आहे?" म्हटलं साहेब, खांद्यावर घेऊन उभा आहे ते कोण मग?

टोंगळेदुखी
माया काकाले एक पाय नाही. कार्ड आलं. त्यावर लिहून होतं "तात्पुरते." काका अजून वाट पाहून रायला.

जुना_केंद्रप्रमुख
@आर्वीकर, जिल्हा सामान्य रुग्णालयात ठरलेल्या वारी मंडळ बसतं, शिबिराची वाट पाहू नका. ४० टक्के किंवा वर आलं की संजय गांधी निराधार, एसटीची सवलत, सगळं त्यावर. टक्केवारी जास्त असली तर एसटीत साथीदारालाही सवलत असते.

सांबारवडी
बघा, एसटीच्या लेखी तरी या कामाला नाव आहे. साथीदार! मात्र बायांना २०२३ पासून तसंही अर्धं तिकीट, म्हणजे आमच्या ताईला तिथंही नवीन काही नाही मिळालं.

मंगळवारवाला
एसटीच नाही, कायद्यातही आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढून बघा. कलम १६ मध्ये शाळांनी काय काय करायचं त्याची यादी आहे, शेवटी लिहिलंय की जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाला आणि त्याच्या मदतनिसाला वाहतुकीची सोय द्या. कलम १७ मध्ये समावेशक शिक्षणासाठी व्यावसायिक आणि कर्मचारी प्रशिक्षित करा. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांना काळजीवाहक भत्ता, पण सरकारच्या आर्थिक कुवतीनुसार, आणि त्याची योजना राज्याने करायची. केरळात घरच्या काळजीवाहकाला महिना ६०० रुपये देणारी आश्वासकिरणम योजना आहे. आपल्याकडे दिव्यांगांसाठी वेगळा विभाग डिसेंबर २०२२ पासून आहे, देशात पहिला म्हणून फटाकेही फुटले. मागणी करायची तर या तीन कलमांचे आकडे अर्जात टाका. नुसतं "गरीब बाई आहे, मदत करा" लिहिलं की अर्ज दयेच्या ढिगात जातो.

सिपना_काठी
धारणीहून. आमचा प्रश्न तुमच्यात बसतो का बघा.

आमच्या आश्रमशाळेजवळच्या गावात एक मुलगी आहे, कमी ऐकू येतं आणि शिकायलाही वेळ लागतो. शिक्षक मराठी, पुस्तक मराठी, घरी कोरकू. मॅडम येतात, चांगल्या आहेत, पण पोरगी कोरकूत रडते आणि मॅडम मराठीत समजावतात. शेवटी तिच्या मावसबहिणीला बसवलं, आठवी नापास. तिनं काय केलं? मॅडम जे म्हणतील ते कोरकूत आणि हातवाऱ्यांनी सांगायचं. तीन महिन्यांत पोरगी पिशवी घेऊन आपणहून येऊ लागली.

आता कोर्सला बारावी पाहिजे म्हटलं की ही मुलगी बाद. आणि जिची बारावी झाली ती परतवाड्याला दुकानात लागली, इथं येणार नाही. कागदाचा आग्रह धरणाऱ्यांनी मेळघाटात येऊन दाखवावा.

अंबानगरीची_आई
+१. भाषा हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

मंगळवारवाला
@सिपना_काठी, मान्य. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. शिक्षकाला डिप्लोमा-पदवी पाहिजेच, त्यात सूट नको, नाहीतर आपल्या पोरांच्या माथी कोणीही मारला जाईल. मदतनिसाला मात्र थोडक्यात, पण नक्की असं प्रशिक्षण पाहिजे. दहा-बारा दिवस, गावाजवळ, हाताने करून बघायचं.

सहा महिन्यांचा एक मान्य कोर्स आहे. समुदायाधारित समावेशक विकास, सीबीआयडी म्हणतात. २०२१ मध्ये पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठासोबत सुरू केला, गावपातळीवर आशा-अंगणवाडीच्या जोडीने काम करणारी माणसं तयार करायला. त्यांना दिव्यांगमित्र म्हणतात. वर्गातल्या मदतनिसासाठी नाही तो नेमका, पण २२ हजारवाल्या बोर्डापेक्षा कितीतरी बरा. जवळ केंद्र आहे का ते परिषदेच्या यादीत बघा. नॅशनल ट्रस्टचीही काळजीवाहक प्रशिक्षणाची योजना आहे, सहयोगी नावाची. आणि नागपुरात सीआरसी आहे, म्हणजे दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं पुनर्वसन केंद्र, तिथं पालक आणि काळजीवाहकांच्या छोट्या कार्यशाळा होतात. फोन करून तारखा विचारा.

एक सावधगिरी. कौशल्य विकासवाले फुकट "जनरल ड्युटी असिस्टंट" शिकवतात. चांगलं आहे, पण ते दवाखान्यातल्या वॉर्डचं काम. बेडपॅन येईल, पाढा धरता येणार नाही.

सदाशिवपेठी_नाही_हो
ठीक. अनुभव पुरेसा हे माझं वाक्य मी अर्धं मागे घेतो.

टोंगळेदुखी
पुण्याहून अर्धं वाक्य मागे आलं! धाग्याले हळदकुंकू लावा.

हातपाय_ताई
फिजिओथेरपिस्ट आहे, अमरावती विभागात काम करते. नऊ दिवस झाले धागा वाचते, कोर्स आणि पैसा दोन्ही बोलून झालं, पण ताई सोन्याला उचलते कशी हे कोणी विचारलं नाही.

ताई, बगलेत हात घालून ओढत असाल तर आजच बंद करा. त्याचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जाईल. तुम्ही आधी टोंगळ्यात (गुडघ्यात) वाका, त्याला तुमच्या छातीशी घ्या, एक हात पाठीमागून, दुसरा मांड्यांखालून, मग पायाच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पाय वळवा, कंबर नाही. वजन वीस किलोच्या वर गेलं की एकटीने उचलायचं नाही, सरळ गुरुजींना हाक मारा.

भरवताना मान मागे पडू देऊ नका. आपल्याकडे बाया काय करतात, डोकं मांडीवर मागे टाकून पेल्याने पाणी ओततात. ते पाणी श्वासनलिकेत जातं, मग वारंवार छाती भरते आणि लोक म्हणतात थंडी बाधली. बसवून, हनुवटी किंचित छातीकडे, घास समोरून आणि खालून. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

पाय लोंबते ठेवू नका. पाय टेकले नाहीत तर हात चालत नाही, आणि हात चाललाच नाही तर लिहिणार कशाने? तासभर एकाच बैठकीत नको, अर्ध्या-पाऊण तासाने बैठक बदला. आणि झटके येत असतील तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं बाक सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना.

हे सगळं सांगायला मला वीस मिनिटं लागतात. बारा वर्षांत एकाही शाळेने मला ही वीस मिनिटं मागितली नाहीत.

पऱ्हाटीचं_फूल
ताई, बगलेतच धरत होते. दोन वर्षं. माझी कंबर दुखते ती कापूस वेचून दुखते असं समजत होते.

जुना_केंद्रप्रमुख
@हातपाय_ताई, आमची चूक. केंद्र पातळीवर शिक्षण परिषद दर महिन्याला होत असे. अहवाल, ॲप, फोटो यात दिवस जायचा. तुमच्यासारख्यांना बोलवावं हे सुचलंच नाही.

काळी_माती_कारंजा
माझी पुतणी तेरा वर्षांची, बौद्धिक अक्षमता. सहावीपर्यंत शाळेत गेली. पाळी सुरू झाली आणि शाळा बंद झाली. कोणी काढलं नाही, आम्हीच पाठवायचं सोडलं, कारण शाळेत बदलून कोण देणार? दोन्ही शिक्षक पुरुष. मुलींना समग्र शिक्षेतून महिना २०० प्रोत्साहन भत्ता मिळतो, दहा महिने. तो आला होता. पण आम्हाला दोनशे रुपये नको होते, एक बाई पाहिजे होती.

पऱ्हाटीचं_फूलसारखी बाई आमच्या गावात असती तर पोरगी शाळेत असती.

सांबारवडी
हे वाचून काय लिहावं कळत नाही.

अंबानगरीची_आई
@काळी_माती, अजून उशीर झालेला नाही. कायद्याने अठरापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे तिला, इतर मुलांसारखा चौदाला संपत नाही. आणि पाळीचं शिकवता येतं. माझ्या मैत्रिणीने मुलीला चित्रांच्या सहा पट्ट्या करून मोरीच्या दारामागे लावल्या. आधी बाहुलीवर, मग स्वतःवर. पाच-सहा महिने लागले. मदतनीस बाई मिळाली तरी तिनं करून देऊ नये, शिकवावं. आणि संडासात मदत करणारं माणूस कोण, हे घर आणि शाळेने मिळून लेखी ठरवावं. आपली मुलं कोणाविरुद्ध बोलू शकत नाहीत, म्हणून हे जास्तच.

आर्वीकर
मुलगा असला तरी तेच. सोन्या आज नऊ वर्षांचा असेल. चार वर्षांनी ताईंनी त्याला संडासला न्यायचं का?

पऱ्हाटीचं_फूल
@आर्वीकर, हा विचार केला नव्हता. त्याचा मोठा भाऊ सातवीला आहे, पण ती शाळा तिकडं दुसऱ्या गावात.

वझ्झरला_जाऊन_आलेला
थोडं अवांतर. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांकडे जाऊन या सगळे. टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी आपली म्हणून वाढवली. २०२४ ला पद्मश्री मिळाली. तिथं मोठी झालेली मुलंच लहानांचं करतात. कोण कोणाचा मदतनीस ते कळत नाही.

मंगळवारवाला
बाबांना नमस्कारच. फक्त एक भीती सांगतो. असं उदाहरण दिलं की सरकार म्हणतं, बघा, होतं की सेवाभावाने! ताईंचे दीड हजारही मग कोणाच्या डोळ्यावर येतील.

वझ्झरला_जाऊन_आलेला
तसा अर्थ नव्हता माझा. पण मुद्दा खरा आहे.

टोंगळेदुखी
ताई, ते २२ हजाराचं काय झालं? धागा मेलबर्नले जाऊन आला, बोर्ड तिथंच आहे का?

पऱ्हाटीचं_फूल
टोंगळेदुखी भाऊ, तेच सांगायला आले.

शनिवारी मी अन् आमच्या मंगळवारच्या मॅडम दोघी गेलो. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, सरस्वतीचा फोटो. मॅडमनी परिषदेच्या मान्यतेचं पत्र मागितलं. माणूस म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे." कधीपासून? म्हणे दिल्लीहून येणार. मॅडमनी आपला सीआरआर नंबर सांगितला अन् म्हटलं मलाही दिल्लीहूनच आला होता, पण शिकल्यावर आला. मग तो मला म्हणाला, तुमच्यासाठी १८ हजारात करतो. उठलो अन् आलो. उतरताना मॅडम म्हणाल्या, चार हजार तर आत्ताच वाचले.

डी.एड.चं घरी बोललो. दोन वर्षं अमरावतीला किंवा नागपूरला राहावं लागेल. सासूबाई म्हणाल्या जा, पोरींना मी बघते. हे ऐकून मीच गप्प झाले. कारण पोरींना सासूबाई बघतील, पण सोन्याला कोण बघेल? ज्याच्यासाठी शिकायला जायचं तो दोन वर्षं घरी बसेल, अन् परत येईन तेव्हा तो सहावीच्या वयाचा. अन् पास झाले तर माझी नेमणूक दहा शाळांवर होईल, सोन्याच्या शाळेत मी आठवड्यातून एकदा येईन. मंगळवारी.

मंगळवारवाला
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_केंद्रप्रमुख
ठराव झाला का?

पऱ्हाटीचं_फूल
झाला. समितीत सहा जण हो म्हणाले, एकाने विचारलं मग बाकीच्या पोट्ट्यांच्या बायांनाही देणार का. ग्रामसभेत मांडायचा आहे. कलमांचे आकडे टाकले. आवक क्रमांक घेतला. सीआरसीला फोन केला, पुढच्या कार्यशाळेची तारीख कळवतो म्हणाले. मॅडम सोबत येतात म्हणाल्या, अन् त्या दिवशी सोन्याजवळ मावशी बसणार, खिचडी आटपून. तिला उचलायचं शिकवलं. हातपाय_ताईंनी सांगितलं तसं, टोंगळ्यात वाकून. म्हणते साठीत मला उठाबशा काढायला लावता.

एक नवीन झालं. गावच्या सुताराने खुर्ची करून दिली, सागाच्या जुन्या चौकटीची. पाय टेकतात आता. पहिल्याच दिवशी त्याने स्वतः पाटीवर सात काढला. उलटा निघाला, पण मी हात धरला नव्हता.

काळी_माती_कारंजा
ताई, खुर्चीचं माप टाका ना. आमच्या वस्तीवर एक पोरगी आहे, चार वर्षांची, अंगणवाडीत भिंतीला टेकवून बसवतात.

हातपाय_ताई
सोन्याचं माप तिला चालणार नाही, पोरीचं घ्या. तिला बसवून तीन मापं. ढुंगणाच्या मागच्या कडेपासून टोंगळ्याच्या मागच्या खळगीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा : ही बैठकीची खोली. टोंगळ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंत : ही बैठकीची उंची. कमरेची रुंदी, दोन्हीकडे एक-एक बोट जास्त. पाठ काखेपर्यंत तरी येऊ द्या. पट्टा कमरेवर, पोटावर नाही. करण्याआधी तिच्या थेरपिस्टला एकदा दाखवा, नसेल तर मापं मला पाठवा.

पऱ्हाटीचं_फूल
अन् सुताराला सांगा कोपरे घासून दे. आमच्याने विसरला होता, सोन्याच्या कोपराला लागलं. आता त्यावर जुन्या ट्यूबचा रबर ठोकला आहे.